पुढचे दांत आणि त्यांचीं नांवें

मनुष्याच्या मुखांत बत्तीस दांत असतात, हें विधान शाळेंत शिकलेल्या कोणासहि नवें नाहीं. परंतु त्यांपैकीं पुढचे बारा कोणते, त्यांना काय म्हणावें, आणि त्यांतील कोणता केव्हां येतो व केव्हां जातो, असें विचारलें तर सुशिक्षित घरांतहि उत्तर अडखळतें. गुडघा, घोटा, कोपर, मनगट या प्रत्येक सांध्यास घरगुती नांव आहे. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पांचहि बोटें आपापल्या नांवानें ओळखलीं जातात. रोज आरशांत दिसणारे दांत मात्र ‘पुढचे’ आणि ‘मागचे’ एवढ्यावरच राहतात. हा केवळ शब्दांचा आळस असता तर त्याची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. पण एखाद्या सायंकाळीं खेळतां खेळतां मुलाचा दांत पडतो, आणि तो कोणता हें घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं. तेव्हां त्या अज्ञानाची किंमत तें मूल जन्मभर देतें.

प्रथम मोजदाद. वरच्या जबड्यांत मधोमध चार आणि खालच्या जबड्यांत मधोमध चार, असे आठ दांत चपटे व धारदार असतात. मराठींत त्यांना पटाशीचे दांत म्हणतात. पटाशी हें सुताराचें हत्यार. लांकडांत खांच पाडावयाची किंवा पातळ पापुद्रा काढावयाचा, तर सुतार पटाशीच हातीं घेतो. तिची एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती असते. पटाशीच्या दांताचीहि पुढची बाजू जवळजवळ सरळ आणि जिभेकडची बाजू उतरती असते. हें नांव ज्यानें प्रथम दिलें त्यानें दांत व हत्यार दोन्ही नीट निरखलीं होतीं, यांत शंका नाहीं. शास्त्रीय परिभाषेंत यांसच कृंतक, म्हणजे कापणारे, असें म्हणतात. पटाशीच्या दांतांच्या दोन्ही अंगांस वर दोन व खालीं दोन असे चार अणकुचीदार दांत असतात, ते सुळे. त्यांचें शास्त्रीय नांव रदनक. आठ पटाशीचे आणि चार सुळे मिळून बारा दांत हा मुखाचा दर्शनी भाग होय. त्यांच्या मागें आठ उपदाढा आणि बारा दाढा. दाढांतील शेवटच्या चार त्या अक्कलदाढा.

पुढच्या दांतांना प्रत्येकीं एकच मूळ असतें. दाढेस दोन किंवा तीन मुळें असल्यामुळें ती भार सोसते. पुढचा दांत खुंटीसारखा एकाच मुळावर उभा असतो. दांताचे तीन भाग सांगतात : हिरडीबाहेर दिसणारा माथा, हिरडीलगतची मान आणि हाडांत रुतलेलें मूळ. माथ्यावर इनॅमलचें कवच असतें. शरीरांत याहून कठीण पदार्थ नाहीं. वजनाच्या मानानें त्याचा शेंकडा ९६ भाग खनिज असतो. त्याच्या आंत किंचित् पिवळसर व थोडें लवचिक असें द्रव्य, आणि अगदीं गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. मूळ हाडांत सिमेंटानें बसविल्यासारखें घट्ट नसतें. मूळ आणि हाड यांच्या मध्यें सूक्ष्म तंतूंचा एक जिवंत पडदा असतो. त्या तंतूंवर दांत टांगलेला राहतो, आणि घांस चावतांना केसाएवढा हलतो. या पडद्याचें महत्त्व पुढें कळेल.

आकारमानांतहि प्रत्येकाची ओळख निराळी. वरचे मधले दोन सर्वांत रुंद. त्यांची रुंदी सुमारें साडेआठ मिलिमीटर. त्यांच्या शेजारचे दोन त्याहून अरुंद, सुमारें साडेसहा मिलिमीटर. खालचे मधले दोन तर सर्व पक्क्या दांतांत लहान. रुंदी पांच मिलिमीटरांच्या आसपास. वरचा सुळा मुळासकट मोजला तर सुमारें २६ मिलिमीटर भरतो. सर्व दांतांत तोच सर्वांत लांब. म्हणूनच म्हातारपणीं दाढा व पटाशीचे दांत गेले तरी पुष्कळांच्या तोंडांत सुळे शेवटपर्यंत टिकून राहतात.

या दांतांचें काम पाहावयाचें असेल तर सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळकडच्या घरांतलें जेवण पाहावें. सीना नदीच्या या मुलखांत ज्वारी पिकते, आणि कडक भाकरी हें या जिल्ह्याचें वैशिष्ट्य आहे. ती पातळ, कोरडी, कुरकुरीत भाकरी पटाशीच्या दांतांखालीं मोडते. तिचा चुरा करण्याचें काम मग दाढांकडे जातें. उंसाचें कांडें सोलावयाचें झालें तर तोंड आपोआप तिरकें होतें, कारण सालींत रुतण्यास सुळ्याचें टोक आणि ती सोलून ओढण्यास त्यामागचा भक्कम आधार हवा असतो. हुरड्याचे कोंवळे दाणे मात्र सरळ दाढांच्या स्वाधीन होतात. तोडणें, फाडणें आणि दळणें हीं तीन कामें तीन प्रकारच्या दांतांत वांटलेलीं आहेत, आणि खाणारा त्यांचा विचारहि न करतां योग्य तो घांस योग्य त्या दांताकडे देतो.

पुढच्या दांतांचें दुसरें काम बोलण्याचें. त, थ, द, ध, न या वर्णांना प्राचीन व्याकरणकारांनीं दंत्य म्हटलें. ल आणि स यांनाहि त्यांच्याच पंक्तींत बसविलें. जिभेचें टोक वरच्या दांतांच्या मागें टेकलें म्हणजे ‘त’ उमटतो. जीभ व दांत यांमधील चिंचोळ्या वाटेनें हवा सुटली म्हणजे ‘स’ ऐकूं येतो. खालचा ओंठ वरच्या दांतांस लागतो तेव्हां ‘व’ निघतो. ‘मोहोळ’ या गांवाच्या नांवांत मात्र दांतांचें कांहींच काम नाहीं. ‘म’ ओंठांचा, ‘ह’ कंठाचा, आणि ‘ळ’ जीभ वर वळून टाळूस लागल्यानें होणारा. पुढचे दांत पडलेलें सात वर्षांचें मूल आपल्या गांवाचें हें नांव स्पष्ट सांगेल. पण वय विचारलें तर ‘सात’ म्हणतांना ‘स’ची हवा नको त्या फटींतून निसटेल आणि ‘त’ बोबडा होईल. ज्या वयांत ‘सात’ म्हणावयाचें नेमक्या त्याच वयांत ‘सात’ म्हणण्याचीं साधनें तोंडांतून नाहींशीं झालेलीं असतात. ही अडचण तात्पुरती असते. नवे दांत आले कीं उच्चार सुधारतो.

आतां नांवांच्या इतिहासाकडे वळावें. संस्कृतांत वरच्या मधल्या दोन दांतांस राजदंत असें भारदस्त नांव आहे. राजदंत म्हणजे दांतांचा राजा. समासाच्या सामान्य नियमानें हा शब्द ‘दंतराज’ असा व्हावयास हवा होता. परंतु लोकांच्या तोंडीं राजदंत रूढ झाला होता, आणि पाणिनीनें लोकरूढीस मान देऊन, याच शब्दानें आरंभ होणाऱ्या शब्दांच्या गणासाठीं अष्टाध्यायींत स्वतंत्र सूत्र केलें. पुढच्या एका दांतासाठीं व्याकरणाला अपवाद करावा लागला, ही गोष्ट त्या दांताच्या योग्यतेस शोभणारीच आहे. बालरोगांवरील प्राचीन काश्यपसंहितेंत दांतांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत बत्तीस दांतांपैकीं आठ एकदांच उगवणारे आणि बाकीचे दोनदां जन्मणारे असें सांगून मधल्या वरच्या दोहोंस राजदंत, त्यांच्या शेजारच्यांस बस्त आणि त्यापुढच्यांस दंष्ट्रा अशीं नांवें दिलीं आहेत. आधुनिक शास्त्राची गणना थोडी निराळी आहे : वीस दांत दुधाच्या दांतांच्या जागीं येतात आणि बारा दाढा एकदांच येतात. परंतु कांहीं दांत दोनदां जन्मतात व कांहीं एकदांच, हा भेद त्या प्राचीन वैद्यांस नीट ठाऊक होता. संस्कृतांत दांतास ‘द्विज’ म्हणतात तें त्यामुळेंच. चरकसंहितेंत हाडांची गणती करतांना बत्तीस दांत आणि त्यांचीं बत्तीस उलूखलें निराळीं मोजलीं आहेत. उलूखल म्हणजे उखळ. दांत ज्या खळग्यांत बसतो त्यास स्वयंपाकघरांतलें हें नांव मोठें समर्पक आहे.

मराठीनें सुळा हें नांव मात्र थोडें सढळ हातानें वापरलें आहे. रानडुकराच्या तोंडाबाहेर आलेले वांकडे दांत हे खरोखरच सुळे होत. पण हत्तीच्या ज्या दांतांना सर्वत्र सुळे म्हणतात, ते शरीररचनेच्या दृष्टीनें सुळे नव्हेत. ते वरच्या जबड्यांतले, मधल्या जोडीच्या शेजारच्या जागेचे, पटाशीचे दांत आहेत. हत्तीला खरा सुळा मुळींच नसतो. अर्थात् गणपति ज्यामुळें एकदंत म्हणविला जातो, तो दांतहि पटाशीचाच ठरतो. हत्तीचे दाखवावयाचे दांत वेगळे आणि खावयाचे वेगळे, ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. दाखवावयाच्या दांतांचें नांवहि आणखी वेगळें निघावें, हें त्या म्हणीस साजेसेंच आहे.

देशोदेशींच्या दंतवैद्यांना नांवांची अडचण निराळ्या रीतीनें जाणवली. ‘वरच्या जबड्यांतील उजवीकडचा मधला पटाशीचा दांत’ असें प्रत्येक वेळीं लिहिणें शक्य नव्हतें. व्हिएन्ना येथील झिग्मोंडी यानें १८६१ सालीं मुखाचे चार चतुर्थांश कल्पून प्रत्येकांत मध्यापासून मागें एक ते आठ असे आंकडे दिले. पुढें जागतिक दंतवैद्यक संघानें दोन आंकड्यांची पद्धति स्वीकारली. तींत पहिला आंकडा चतुर्थांशाचा व दुसरा दांताचा असतो. त्यामुळें वरचा उजवा मधला दांत ११ आणि वरचा डावा मधला २१. दुधाच्या दांतांस चतुर्थांशाचे आंकडे ५ ते ८, म्हणून त्याच जागचा दुधाचा दांत ५१. अमेरिकेंत मात्र वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून आरंभ करून सरळ १ ते ३२ मोजतात. तेथें ११ म्हणजे वरचा डावा सुळा. परदेशीं असलेल्या मुलाकडून परत येतांना दांतांचे कागद बरोबर आणणाऱ्या वृद्ध मातापित्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. एका देशांत ११ म्हणून लिहिलेला दांत दुसऱ्या देशांत भलताच असतो, आणि काढलेला पक्का दांत पुन्हां उगवत नाहीं. वैद्यापुढें बसल्यावर आंकड्याच्या जोडीला ‘वरचा डावा सुळा’ असें साध्या शब्दांत विचारून घेणें यांत कमीपणा मुळींच नाहीं.

येथें दुधाच्या व पक्क्या दांतांचा भेद येतो, आणि तोच या विषयांत सर्वांत महत्त्वाचा आहे. दुधाचे दांत वीस : आठ पटाशीचे, चार सुळे आणि आठ दाढा. सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे मधले दोन प्रथम दिसतात, आणि तिसरें वर्ष सरण्यापूर्वीं वीसहि पुरे होतात. सहाव्या-सातव्या वर्षीं खालचे मधले पडून पक्के येतात. सातव्या-आठव्या वर्षीं वरचे मधले. आठव्या-नवव्या वर्षीं त्यांच्या शेजारचे. खालचे सुळे नवव्या-दहाव्या वर्षीं आणि वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षीं येतात. नव्या पटाशीच्या दांताच्या कांठावर तीन बारीक उंचवटे असतात. ते वापरानें झिजून जातात. वरच्या दोन नव्या दांतांमध्यें या काळांत बहुधा फट दिसते, आणि माता काळजींत पडतात. वरचे सुळे खालीं उतरले म्हणजे पुष्कळदां ती फट आपोआप मिटते.

दुधाचे दांत जाणारच, मग त्यांची काळजी कशास, असें म्हणणारीं घरें आजहि आहेत. परंतु दुधाच्या दांतांचें घडणें मूल गर्भांत असतांनाच सुरू होतें, आणि एकदां घडलेलें इनॅमल शरीर पुन्हां दुरुस्त करूं शकत नाहीं. त्यामुळें गर्भांतील व तान्हेपणींचे आजार, उपासमार यांच्या खुणा त्यांवर कायमच्या राहतात. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून पुढें अनेक वर्षें उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या शेतकरी वस्तींत तान्हीं मुलें मातीच्या रांजणांत पुरलीं जात. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनीं त्यांच्या दांतांचा अभ्यास केला, तेव्हां दुधाच्या सुळ्यांवर इनॅमल अपुरें राहिल्याचे खळगे आढळले. त्या मुलांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्यांच्या आयांनीं काय सोसलें, तें मात्र त्या सुळ्यांवर लिहिलेलें राहिलें आहे.

गंमत अशी कीं, जनावरांच्या बाबतींत हा भेद ओळखणारे लोक खेडोपाडीं पुष्कळ आहेत. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारांत गिऱ्हाईक प्रथम खोंडाचा खालचा ओंठ खालीं ओढून दांत पाहतें. गाईबैलांस वर पुढचे दांत नसतातच. तेथें घट्ट कातडीची गादी असते. खालीं आठ असतात. दुधाचे सर्व दांत कायम असलेला तो आदत. मधले दोन पक्के आले कीं दुसा. चार आले कीं चौसा. आठहि पुरे झाले म्हणजे जुळलेला. या शब्दांवर हजारों रुपयांचा सौदा ठरतो, आणि त्यांत चूक करणारा शेतकरी विरळा. हीच नजर घरांतील मुलाच्या तोंडाकडे वळली तर केवढें काम होईल !

कारण अपघात याच वयांत होतात. मूल झाडावरून पडतें, कबड्डींत दुसऱ्याचा गुडघा तोंडावर बसतो, सायकल घसरते. आणि वरचा मधला दांत मुळासकट बाहेर येतो. सर्वांत पुढें तोच असल्यानें मार त्यासच बसतो. अशा वेळीं पहिला प्रश्न एकच : दांत दुधाचा कीं पक्का ? सहा वर्षांच्या आंतील मुलाचा पुढचा दांत बहुधा दुधाचाच असतो. आठ वर्षें उलटल्यावर वरचा मधला दांत बहुधा पक्काच. मधल्या काळांत आकार पाहावा : दुधाचा दांत लहान व पांढराशुभ्र, पक्का दांत रुंद, किंचित् पिवळसर, आणि नवा असल्यास कांठावर उंचवटे असलेला.

दुधाचा असेल तर तो पुन्हां बसवूं नये. त्याच्या वरच हाडांत पक्का दांत घडत असतो. त्यास इजा होण्याचा संभव असतो. मुलास वैद्याकडे नेऊन दाखवावें. पडलेला दांत शेणाच्या गोळ्यांत घालून घरावर फेकण्याची चाल अनेक घरांत आहे. दुधाच्या दांतापुरती ती निरुपद्रवी आहे. परंतु त्याच हातानें पक्का दांत छपरावर गेला तर मुलाच्या तोंडांतील ती जागा आपली आपण कधींच भरून येणार नाहीं.

पक्का असेल तर तो शोधावा. माथा धरून उचलावा. मुळास बोट लावूं नये. मुळावर त्या जिवंत पडद्याचे कण चिकटलेले असतात, आणि दांत पुन्हां रुजणें सर्वस्वीं त्यांवर अवलंबून असतें. म्हणून तो घासूं नये, पुसूं नये, कागदांत किंवा रुमालांत गुंडाळूं नये. माती लागली असल्यास दुधानें हलकेच धुवावा. मूल शुद्धीवर व शांत असेल तर दांत आपल्या उखळांत, पुढची बाजू पुढें राहील असा, हळूच बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावें. तें शक्य नसल्यास दांत थंड दुधाच्या पेल्यांत बुडवून ठेवावा. साध्या पाण्यांत ठेवूं नये, कारण पाण्यानें ते कण फुगून मरतात. दांत दुधाचा नसला, तरी त्यास दूधच तारतें. मग वेळ न दवडतां दंतवैद्य गांठावा. मुलास भोवळ, उलट्या किंवा डोक्यास मार असेल तर मात्र आधीं रुग्णालय, दांत मागाहून.

येथें घड्याळाचा हिशेब फार कडक आहे. कोरडा राहिलेला दांत पहिल्या कांहीं मिनिटांत बसविला तर रुजण्याची आशा चांगली. तासभर कोरडा राहिला तर मुळावरील बहुतेक कण मेलेले असतात. मोहोळपासून सोलापूर सुमारें ३५ किलोमीटर. सीनेकांठच्या एखाद्या वस्तीवरून आधीं मोहोळ, आणि तेथें वैद्य न मिळाल्यास पुढें सोलापूर, असा प्रवास रात्रीच्या वेळीं करावयाचा म्हटलें तर तो तास वाटेंतच संपतो. शहरांतहि गर्दीच्या वेळीं याहून लवकर पोंचतां येतेंच असें नाहीं. म्हणून खरा उपाय अपघाताच्या जागींच, आई, वडील, शिक्षक किंवा शेजारी यांच्या हातून व्हावयाचा असतो. आणि तो व्हावा यासाठीं त्यांना दांत ओळखतां आला पाहिजे. वेळ टळली तरी दांत टाकून मात्र देऊं नये. तो बरोबर न्यावा, पुढचा निर्णय वैद्यानें करावा.

यासाठीं ग्रंथ वाचण्याची गरज नाहीं. मूल सहा वर्षांचें झालें कीं महिन्यांतून एकदां त्यास उजेडांत उभें करून तोंड पाहावें, कोणता दांत पडला व कोणता आला याची तारखेसह नोंद घरच्या वहींत करावी, आणि मुलासहि पटाशी, सुळा, दाढ हीं नांवें बोटांच्या नांवांप्रमाणें शिकवावीं. शाळेंतील प्रथमोपचाराच्या पेटीशेजारीं पक्क्या दांताविषयींच्या या चार सूचना लिहून लावल्या तर त्यास खर्च कागदाचाच. ज्या घरांत व ज्या शाळेंत एवढें झालें, तेथें दांत पडेल त्या संध्याकाळीं कोणी छपराकडे पाहणार नाहीं; कोणीतरी दुधाचा पेला घेऊन धांवेल.